सूनबाईंची बंदूक

माझ्या दवाखान्याच्या बरोबर खाली बंदुकांचं दुकान आहे. शालिमार चौकापासून दोन गल्ल्या आत एक जुनी इमारत, तळमजल्यावर हकीमभाईंची काचेची कपाटं आणि पहिल्या मजल्यावर मी, लोकांचे आखडलेले खांदे-गुडघे हलते करून देणारी फिजिओथेरपिस्ट. जिन्याच्या तोंडाशी आमच्या दोघांच्या पाट्या एकीखाली एक लागल्या आहेत. त्यावरून लोक कित्येक वर्षं एकच विनोद करतात, आणि प्रत्येकाला वाटतं तो आपल्यालाच सुचला. मी हसते. भाडं कमी आहे, तेवढं हसायला परवडतं.

दगूनाना मला लाभले ते या जिन्यामुळे. घोटीच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला त्यांचं गाव. भाताची शेती, थोडा भाजीपाला, आणि वडिलांच्या वेळेपासून चालत आलेला बंदुकीचा परवाना, पिकाच्या राखणीसाठी दिलेला. हकीमभाईंकडे ते वर्षाकाठी काडतुसं घ्यायला येत. एकदा काडतुसं घेऊन परत जायच्या ऐवजी जिना चढून वर आले, दाराशी घुटमळले आणि आत दुसरा कुणी पेशंट नाही अशी खात्री झाल्यावर खुर्चीच्या कडेवर टेकले. उंच, वाळका माणूस. पांढरा सदरा, धोतर, डोक्यावर टोपी. चपला त्यांनी खाली जिन्याच्या तोंडाशीच काढून ठेवल्या होत्या.

मी नेहमीप्रमाणे विचारलं, "काय झालं, कुठं लागलं?"

"कानामागं," नाना म्हणाले.

मी उठून कानामागं पाहिलं. आधी उजव्या, मग डाव्या. कान चांगले ऐसपैस होते, पण लागल्याची खूण कुठंच नव्हती. तसं मी त्यांना सांगितलं.

"इथं कशाला दिसंल?" नाना गोंधळून म्हणाले. "त्याला पुरला की ओढ्याच्या कडंला."

ते रानडुकराबद्दल बोलत होते. उलगडा व्हायला मला जरा वेळ लागला, आणि मग हसू आवरेना. नानांना आयुष्यभर लोकांनी 'कुठं लागलं' हे एवढ्या एकाच अर्थानं विचारलं होतं. गोळी कुठं लागली, नाना? कानामागं. बरगडीत. मानेवर. उत्तर ओठांवर तयार असायचं. आपल्यालाही कुठं लागलेलं असू शकतं, असं विचारणारं त्यांना कुणी भेटलंच नव्हतं. मी हसले, नाना मात्र हसले नाहीत. ते लालबुंद झाले आणि चुकून आलो म्हणत उठायला लागले. मी त्यांना बळेच बसवलं आणि सदरा काढायला सांगितला.

सदऱ्याखालच्या बनियनला उजव्या खांद्यापाशी आतून एक जाड गादी शिवलेली होती. मोटरसायकलच्या फाटक्या सीटमधला स्पंज कापून, वर जुन्या धोतराचा तुकडा लावून, सुतळी ओवायच्या दाभणानं स्वतःच्या हातानं घातलेले टाके. इतके ओबडधोबड टाके मी आजवर पाहिले नव्हते. बनियन उतरवल्यावर खाली तळहाताएवढा हिरवा-निळा डाग दिसला आणि हात निम्म्याच्या वर उचलला जात नव्हता.

"गाडीवरून पडलो," नाना म्हणाले.

बंदुकीच्या दस्त्याच्या आकाराची गाडी मी तरी अजून पाहिलेली नव्हती, असं मी बोलून गेले. नाना खिडकीतून बाहेर बघत राहिले. आमच्या धंद्यात एक गोष्ट मी फार पाहिली आहे. बायका दुखणं अंगावर काढतात ते घरचं काम अडेल म्हणून, आणि पुरुष अंगावर काढतात ते कुणी हसेल म्हणून. नानांचं तर अवघड जागेचं दुखणं होतं, फक्त जागा खांद्यावर होती.

शिकार बंद झाल्याला जमाना लोटला. पण भात पोटरीत आलं की डुकरं डोंगरातून उतरतात आणि एका रात्रीत वावर लोळवून जातात. तेव्हा वनखात्याची परवानगी काढून परवानेवाल्याला बोलवावं लागतं, आणि आसपासच्या पाच-सहा वाड्यांत परवाना असलेला माणूस एकच, दगूनाना. त्यांच्या वडलांची दुनळी बारा बोअरची बंदूक, तिचा दस्ता हातांनी घासून घासून गुळगुळीत झालेला. नाना आले म्हणजे भात वाचलं असं लोक म्हणायचे. नाना काही बोलायचे नाहीत. बंदूक हातात असली की तोंड गप्प पायजे, हे त्यांचं आवडतं वाक्य. मेलेल्या जनावराला त्यांनी कधी डुक्कर म्हटलं नाही. 'गेला तो' एवढंच म्हणत. त्या दिवशी ते जेवत नसत. डुक्कर आपला वैरी नाय, भुकेला हाय, असं त्यांनी मला खांद्याला शेक घेता घेता दोन-तीनदा तरी सांगितलं.

पण माणूस साठीच्या पुढे गेला आणि खांद्याची हाडं कुरकुरायला लागली. एक बार टाकला की आठवडाभर हात वर होत नसे. मग शरीर शिकलं. शरीर आपल्यापेक्षा हुशार असतं, एकदा चटका बसला की दुसऱ्यांदा आधीच अंग चोरतं. चाप ओढायच्या क्षणी नानांचे डोळे आपोआप मिटायला लागले. ते त्यांनी मला चौथ्या-पाचव्या खेपेला सांगितलं, भिंतीकडे तोंड करून. आवाज इतका खाली गेला होता की मला शेकाचं मशीन बंद करावं लागलं.

"लाज वाटती ओ," ते म्हणाले. "बंदूकवाला म्हणत्यात मला, अन् मी डोळे मिटतो. लहान पोरगं फटाक्याला मिटतं तसं."

मी म्हटलं, यात लाजण्यासारखं काय आहे, बंदूक ठेवून द्या. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना गाव सोडायला सांगते आहे. त्या पाच-सहा वाड्यांत नानांना शेत होतं तसं इतरांनाही होतं, मुलगा होता तसे इतरांनाही मुलगे होते. बंदूक फक्त त्यांनाच होती. ती ठेवली की दगूनाना म्हणजे नुसता एक म्हातारा.

म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ झाकायला नानांनी काय काय केलं ते ऐकून मला आधी हसू यायचं. दसऱ्याला शस्त्रपूजन झालं की गावातली पोरं मागं लागत, नाना, एक बार हवेत टाका. आधी नाना टाकतही असत. खांदा गेल्यावर त्यांनी नियम काढला: हवेत बार टाकणं गुन्हा हाय, परवानेवाल्यानं कायदा पाळायचा असतो. आता हे खरंच आहे, गुन्हाच आहे. पण नानांना तो कायदा खांदा दुखायला लागल्यावर आठवला. गावाला काय माहीत? पंचायतीनं त्यांना शाल-श्रीफळ दिलं. कायद्याचा मान राखणारा माणूस म्हणून सरपंचांनी भाषण केलं. शाल खांद्यावर टाकताना सरपंचांचा हात नेमका उजव्या खांद्यावर दाबून पडला, आणि नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, नाना भारावले. हे सांगताना नाना एकदाच हसले आणि लगेच थांबले. "शाल मी कधी पांघरली नाय," ते म्हणाले. "पेटीत टाकली. माझी नव्हतीच ती."

निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. बाकीचे परवानेवाले कुरकुरत, चार निरोप आल्यावर जात. नाना पहिल्या दिवशी जात. निकाल लागल्यावर ठाण्यातला हवालदारच फोन करून म्हणे, नाना, न्या ना आता तुमची, आमच्याकडं जागा नाय. तोवर डुकरांनी कुणाचं वावर लोळवलं की पारावर सगळ्यांच्या बरोबरीनं नानाही सरकारला शिव्या घालत. घरी येऊन मात्र गाढ झोपत. हेही त्यांनीच सांगितलं, आणि त्याचीही त्यांना लाज वाटत होती.

मग एका श्रावणात नाना आले ते वेगळ्याच तयारीनं. खांद्याचं काही बोललेच नाहीत. "डॉक्टरीणबाई, जरा खाली येता का हकीमभाईंकडं? एक बंदूक बघायची. सूनबाईसाठी. बायामाणसाच्या खांद्याचं तुम्हाला कळतं."

परवान्यावर दुसऱ्या हत्याराची नोंद त्यांनी करून आणली होती. सूनबाईला राखणीचं शिकवायचं आहे, ती शिकली की तिचा वेगळा परवाना काढू, तोवर हत्यार आपल्या नावावर. एवढं सगळं त्यांनी जिना उतरेपर्यंत मला सांगून टाकलं. कुणी न विचारता माणूस इतकं सांगायला लागला की समजावं. मी समजले, पण गेले त्यांच्याबरोबर.

हकीमभाई तोलूनमापून बोलणारा माणूस. नानांनी मागणी सांगितली: धक्का कमी मारणारी पाहिजे, फार महाग नको, मधली. हकीमभाईंनी एकेक बंदूक काउंटरवरच्या हिरव्या कापडावर ठेवली. ही तीनशे पंधरा बोअरची रायफल, सरकारी कारखान्याची, डुकराला एक गोळी पुरे, पण ही खांदा मागते. ही बारा बोअर, एकनळी, हलकी, स्वस्त. पण हलकी म्हणून घेऊ नका, हलकी बंदूक जास्त लाथ मारते. जड बंदूक आपला धक्का आपणच पिऊन टाकते. असं म्हणत त्यांनी आतून एक जुनी दुनळी आणली. दस्त्याला जाड रबर, वजनाला भक्कम, कुणीतरी विकायला ठेवलेली, म्हणून किंमत आवाक्यातली. "ये लो नाना. हिच्यात कमी दारूचं काडतूस घाला. सूनबाईचा खांदा दुआ देगा."

नानांनी ती खांद्याला लावली, समोरच्या कॅलेंडरवर नेम धरला आणि रिकामा चाप ओढला. टक्क झालं. मी त्यांच्या उजव्या बाजूला उभी होते. त्या नुसत्या टक्कला त्यांचे डोळे घट्ट मिटलेले मी पाहिले. हकीमभाईंनीही पाहिले. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"जड हाय," नाना बंदूक खाली ठेवत म्हणाले. "बाईमाणसाला झेपायची नाय."

त्यांची सून ज्योती पेंडीचं पोतं पाठीवर टाकून गोठ्यापर्यंत नेते, हे त्यांनीच मला कौतुकानं सांगितलेलं. पण मी काय बोलणार? पेशंटचं दुखणं चारचौघांत बोलायचं नसतं. आणि हकीमभाईंनाही वडीलधाऱ्या गिऱ्हाईकाचं तोंड पाडायचं नव्हतं. मग आम्ही तिघं त्या दुकानात उभे राहून, तिथं नसलेल्या एका बाईच्या खांद्याची चर्चा करत बसलो.

शेवटी नानांनी कपाटातल्या पॉइंट टू टूकडे बोट दाखवलं. बारीक नळीची, नेमबाजी शिकणाऱ्या पोरांची रायफल. तिला धक्का असा नसतोच. हकीमभाई पहिल्यांदा जरा कडक झाले. म्हणाले, ही कागदाला भोक पाडायला आहे. डुक्कर हिनं पडत नाही, जखमी होऊन फिरतं, आणि जखमी डुक्कर म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. "सूनबाईला बजावून सांगा, हिनं डुकरावर बार टाकायचा नाही."

"सांगतो," नाना म्हणाले. ते हकीमभाईंकडे बघत नव्हते.

रायफल घेऊन नाना गेले. त्यानंतर त्यांचं येणं थांबलं. मला वाटलं खांदा बरा असेल, धक्काच नाही तर दुखेल कशाला. दिवाळीनंतर एका दुपारी डोक्यावर पदर घेतलेली, पस्तिशीची एक बाई आली आणि मी दगूनानांची सून, असं म्हणाली. ज्योती. नवरा सातपूरला कंपनीत, आठवड्याला घरी येणारा. घरचं शेत हीच बघायची. तिनं सगळं सांगितलं, एका दमात, जणू पाठ करून आली होती.

भातकापणीच्या दिवसांत शेजारच्या वावरात डुक्कर शिरलं. लोकांनी नानांना बोलावलं. नाना पॉइंट टू टू घेऊन गेले. उजाडत होतं. गोळी डुकराच्या मागच्या अंगात कुठंतरी बसली आणि ते बिथरून पळालं ते थेट खालच्या बांधाकडे. तिथं पेठकडून कापणीला आलेल्या टोळीतला काशिनाथ चूल पेटवायला काटक्या गोळा करत होता. डुकरानं त्याची मांडी गुडघ्यापर्यंत फाडली. सिव्हिलला नेलं, टाके घातले, जिवावरचं पायावर निभावलं.

वनखात्याचा माणूस आला. परवाना नानांचा, परवानगी नानांची, बार मी टाकला असं नानांनी सांगितलं आणि कागदावर अंगठा देऊन शेजारी सहीही केली. कागदावर सगळं खरं होतं. घोटाळा पारावर झाला. कुणीतरी विचारलं, नाना, ही तर सूनबाईंची बंदूक ना? रायफल घेतल्यापासून नानांनीच गावभर सांगितलेलं, ही सूनबाईसाठी आणली म्हणून. दुसरा म्हणाला, मग बरोबर, नानांचा बार कधी वाया जातो का? तिसऱ्यानं विचारलं, सूनबाईनं टाकला होय?

"अन् नाना?" मी विचारलं.

"गप्प बसले," ज्योती म्हणाली.

एवढंच. नाना खोटं बोलले नाहीत. ते गप्प बसले. त्यांच्या त्या गप्पपणातून गावानं काय समजायचं ते समजून घेतलं: बार सुनेनं टाकला, आणि थोर मनाच्या सासऱ्यानं कागदावर तो आपल्या अंगावर घेतला. बाईच्या हातात बंदूक दिली की असंच होणार. काशिनाथच्या टोळीतल्या बायका ज्योतीच्या वावरात पाऊल टाकेनात. बंदूकवालीच्या शेतात नको बाई, म्हणाल्या. उभं भात गळायला लागलं. बचत गटात बायका तिला बघून कुजबुजत. तिच्या मुलीला शाळेत पोरं तोंडानं ठो म्हणून चिडवत.

मला राग आला. नानांचा आला, तिचाही आला. मी म्हटलं, तुम्ही का नाही सांगितलंत, की मी बंदुकीला हातसुद्धा लावला नाही म्हणून?

ती पदराशी चाळा करत म्हणाली, "नानांचं बनियन मीच धुते ना. चार वर्षं झाली. गादी शिवलेलं. वाळत घालायचं तर बाहेर दोरीवर कसं घालू, लोकं बघतील. मग घरात, माझ्या साडीखाली घालते. त्यांना वाटतं मला ठाऊक नाय."

"अहो, पण म्हणून तुम्ही..."

"मी नाय म्हटलं तर नानांचं काय ऱ्हाईल?" ती म्हणाली. "माझं काय, मला कोण बोलावतंय डुकरं मारायला."

तक्रार करायला ती आलीच नव्हती. काशिनाथचा पाय गुडघ्यात वाकत नव्हता, त्याला इथं आणलं तर चालेल का, एवढंच विचारायला आली होती. आणि जाताना म्हणाली, नानांना यातलं काही बोलू नका, ते जेवत नाहीत नीट.

काशिनाथला घेऊन नानाच यायला लागले. एसटीनं सीबीएस स्टँडपर्यंत, तिथून रिक्षा. ज्योती बरोबर असायची, पण ती खालीच थांबे. ती वर आली की काशिनाथला अवघडल्यासारखं होतं म्हणे. नाना त्याला जिन्यावर आधार द्यायचे, त्याच्या चपला हातात घेऊन यायचे, आणि मी त्याचा गुडघा वाकवत असताना कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहायचे. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. माझ्याशी नजर मिळवत नसत. खरं तर मलाही त्यांच्याकडे बघवत नव्हतं. एखाद्या माणसाची लाज इतक्या जवळून बघितली की बघणाऱ्यालाही ओशाळल्यासारखं होतं.

काशिनाथ गप्पिष्ट गडी. दुखलं की आई गं करायचा, मग लगेच हसायचा. एक दिवस पाय चांगला वाकला, तो खूश झाला आणि नानांकडे मान वळवून म्हणाला, "नाना, सूनबाईला सांगा, मनात ठेवू नको म्हणावं. बाईमाणूस, हात हालला असंल. माझा तिच्यावर राग नाय."

नाना स्टुलावरून उठले. बाहेर बाकावर तीन-चार पेशंट बसले होते आणि मधलं दार उघडं होतं. मला वाटलं ते दार लावतील. त्यांनी लावलं नाही.

"काशिनाथ," ते म्हणाले, "तिनं बंदुकीला हात लावला नाय. बार माझा हुता. धक्क्याला भिऊन मी पोरांची बंदूक आणली, अन् चाप ओढताना माझे डोळे मिटले. तिचं नाव मी पुढं केलं. तुझा पाय माझ्यामुळं गेला."

हे बोलताना त्यांचा आवाज खाली गेला नाही. काशिनाथनं त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं, अगदी मायेचं.

"गावातली लोकं बोललीच हुती मला," तो म्हणाला. "नाना असंच सांगतील म्हणून. सुनेचं आपल्या अंगावर घेतील."

नाना वेड्यासारखे त्याच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. ग्रामसभेतही त्यांनी हे उभं राहून सांगितलं होतं, ते मला तेव्हा त्यांच्याच तोंडून कळलं. सगळं, डोळे मिटल्याचंसुद्धा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरपंच म्हणाले, असा सासरा शोधून सापडायचा नाही. त्या दिवसापासून ज्योतीला गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. आधी ती नुसती नेम चुकलेली बाई होती, आता देवमाणसाला खोटं बोलायला लावणारी सून झाली. नाना जितकं खरं बोलत, तितका तिच्यावरचा आळ पक्का होत होता.

"डॉक्टरीणबाई, तुम्ही सांगा ह्याला," नाना म्हणाले. "तुम्हाला माहीत हाय. तुम्ही खांदा बघितलाय माझा."

मी सांगितलं. पेशंटचं दुखणं चारचौघांत बोलायचं नाही हा नियम त्यांनीच मोडायला लावला होता, तेव्हा सगळं सांगितलं. खांदा, डाग, मिटणारे डोळे, दुकानात काय झालं ते. माझा आवाज थोडा चढलाच असेल. काशिनाथनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि समजूतदारपणे मान डोलावली.

"ताई, तुम्ही बी चांगल्या मनाच्या हाय," तो म्हणाला.

बाहेर बाकावरची एक म्हातारी उठली आणि आत येऊन नानांना म्हणाली, बसा हो बाबा, माझ्या जागेवर बसा, तुमच्यासारखी माणसं कुठं ऱ्हायली आता. नाना बसले नाहीत. काशिनाथचा व्यायाम संपेपर्यंत ते भिंतीशी उभेच राहिले. मी गुडघ्याचा पट्टा सोडला, काशिनाथला काठी दिली, पुढच्या वेळेचं सांगितलं. दोघं जिना उतरले.

मी खिडकीशी गेले. असं मी सहसा करत नाही. खाली, औषधांच्या दुकानासमोर ज्योती रिक्षा थांबवून उभी होती. भर दुपार, रस्त्यावर ही गर्दी. नाना तिच्यासमोर जाऊन थांबले. काहीतरी बोलले असतील, वरून ऐकू आलं नाही. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली, दोन्ही हात जोडले आणि त्या भर रस्त्यात आपल्या सुनेपुढे वाकले.

ज्योतीनं घाईघाईनं इकडे-तिकडे पाहिलं, कुणी ओळखीचं तर नाही ना. मग पुढे होऊन तिनं त्यांचे जोडलेले हात धरून खाली केले, आणि टोपी त्यांच्या डोक्यावर नीट बसवली.